सिझेरियनचे टाके: घरी जखम कशी सांभाळायची?

प्रश्न: आठवडा झाला, ड्रेसिंग काढलंय. जखमेवर पाणी चालतं का? पोटाची घडी टाक्यांवर येते, तिथे सतत ओल राहते.

प्रतिसाद: पाणी चालतं, वरून वाहू द्या. साबण चोळू नका. खरी अडचण ओलीची आहे: घडीखाली घाम साचला की कातडी पांढरी, मऊ पडते आणि कडा सुटू लागतात. हात धुवून घडी वर धरा, स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका. मग पाठीवर पडून दहाएक मिनिटं हवा लागू द्या.

प्रतिसाद: पावडर, तेल, लेप काही नको. हायड्रोजन पेरॉक्साइड तर नकोच, त्याने नव्या पेशीही मरतात. निकरचं इलॅस्टिक टाक्यांवर घासतं, म्हणून कमरेपर्यंत येणारी सैल सुती घ्या. खोकताना पोटावर उशी दाबायची. बाळापेक्षा जड उचलू नका, बाकीच्यांना कामाला लावा.

प्रतिसाद: आजूबाजूला बधिरपणा, थोडी खाज असतेच. पण लाली पसरतेय, पू किंवा वास येतोय, कड उघडलीय किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकच पोटरी सुजून दुखत असेल तरीही; ती रक्ताची गुठळी असू शकते.