चवडा उचलत नाही : आधी करंट की आधी नर्व्हची तपासणी?

प्रश्न (वाळवा तालुका, सांगली)
माझी आई साठीच्या घरातली आहे. गेल्या आठवड्यात हळदीच्या रानात दिवसभर उकिडवे बसून भांगलण केल्यानंतर तिच्या उजव्या पायाचा चवडा उचलेनासा झाला. चालताना पाऊल फरफटते, चप्पल निसटते, पावलाची वरची बाजू बधिर आहे. कंबर मात्र दुखत नाही. जवळच्या फिजिओथेरपी केंद्रात लगेच करंट (स्नायूला विजेचे हलके झटके) सुरू करा, असे सांगण्यात आले. मिरजेच्या डॉक्टरांनी नर्व्ह कंडक्शन (नर्व्हमधून विजेचा संदेश कसा जातो याची तपासणी) आणि ईएमजी (स्नायूत सुई घालून केलेली तपासणी) तीन आठवड्यांनी करू, असे सुचवले. एवढा काळ थांबल्यास स्नायू वाळतील, अशी भीती वाटते. काय करावे?

उत्तर १ (नर्व्ह तपासणी करणारा डॉक्टर)
गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, खाली जे हाड हाताला लागते, त्याच्या मानेला वळसा घालून, चवडा उचलणाऱ्या स्नायूंना जाणारी पेरोनियल नर्व्ह अगदी कातडीखालून जाते. बराच वेळ उकिडवे बसल्यास ती तिथे दाबली जाते, आणि अलीकडे वजन घटले असेल तर हा धोका वाढतो.

थांबण्याचे कारण असे. नर्व्हमधला तंतू तुटला असला, तरी तुटलेल्या जागेखालचा त्याचा भाग काही दिवस विजेच्या झटक्याला उत्तर देतच राहतो. हे उत्तर सुमारे आठवडाभरात मावळते, आणि स्नायूत सुई घातल्यावर दिसणाऱ्या फिब्रिलेशन नावाच्या लहरी दोन-तीन आठवड्यांनंतर उमटतात. म्हणून फार लवकर तपासणी केल्यास तुटलेला तंतू नुसता दबलेला भासू शकतो. दोहोंतील फरक मोठा आहे. नुसता दबलेला तंतू बहुधा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतो. तुटलेला तंतू मात्र दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने वाढत स्नायूपर्यंत पोहोचतो, म्हणजे अनेक महिने लागतात.

पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूतही सुईची तपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह राहील. त्या स्नायूला कमरेच्या मणक्यातून निघणाऱ्या एल-५ या नर्व्हच्या मुळापासून तंतू येतात, पण पेरोनियल नर्व्हमधून नव्हे. तिथेही दोष निघाला, तर मणक्याकडे पाहावे लागते. शिवाय साखर तपासावी, नर्व्ह हाताला जाड लागते का आणि अंगावर बधिर चट्टा आहे का, हेही पाहावे. कुष्ठरोगात हीच नर्व्ह अनेकदा बाधित होते, आणि त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

उत्तर २ (फिजिओथेरपिस्ट, सांगली)
करंट एकाच प्रकारचा नसतो. फॅरॅडिक करंटचे झटके १ मिलिसेकंद किंवा त्याहून आखूड असतात आणि ते नर्व्हमार्फतच स्नायू हलवतात. तंतू निकामी झाले असतील, तर स्नायू थेट हलवण्यासाठी १०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून लांब झटके लागतात. तपासणीपूर्वी लावलेला करंट त्यामुळे अंदाजाने लावलेला ठरतो. करंटने नर्व्ह लवकर भरून येते, असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा अजून नाही, आणि हे रुग्णाला पैसे घेण्यापूर्वी सांगितले पाहिजे, असे माझे मत आहे. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी लिबरसन या संशोधकाने १९६१ मध्ये मांडलेले, चालताना चवडा उचलणारे उपकरण गुणकारी आहे, पण पायातली नर्व्ह शाबूत असते म्हणूनच ते चालते.

तीन आठवडे हातावर हात ठेवून बसायचे नाही. एएफओ हा पाऊल वर धरून ठेवणारा आधारपट्टा बुटात घालून चालावे, टाच आखडू नये म्हणून रोज पाऊल वर ताणावे, आणि उकिडवे बसणे व पायावर पाय टाकणे पूर्ण बंद करावे. बधिर जागेवर करंटने किंवा शेकाने भाजले तरी कळत नाही. पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करंट लावू नये.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. आईला रक्त पातळ करण्याची गोळी सुरू आहे. सुईची तपासणी चालेल का?

उत्तर १
बहुतेक वेळा चालते, पण गोळीचे नाव आधीच सांगावे आणि ती स्वतःहून बंद करू नये. तपासणीला जाताना पाय उबदार ठेवावेत. गार पायात नर्व्हचा वेग खरा आहे त्याहून कमी दिसतो. पायाला तेल किंवा मलम मात्र लावू नये.