शब्दचर्चा : १६६० च्या पार्लमेंटमधलं ‘ऑब्लिव्हियन’ मराठीत कसं आणायचं?

धागाकर्ती

आमच्या वाचनगटासाठी इंग्लंडमधल्या राजेशाहीच्या पुनर्स्थापनेवर एक टिपण लिहिते आहे. कथाभाग सरळ आहे. ३० जानेवारी १६४९ ला पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद, मग पार्लमेंटच्या सैन्याचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याचा अंमल, ३ सप्टेंबर १६५८ ला त्याचा मृत्यू, पुढे दीड वर्षाचा गोंधळ, आणि २९ मे १६६० ला, स्वतःच्या तिसाव्या वाढदिवशी, दुसरा चार्ल्स वाजतगाजत लंडनमध्ये. इथपर्यंत लेखणी धावली. पार्लमेंटच्या कामकाजापाशी आले आणि अडले.

अडलेले शब्द तीन : ‘ॲक्ट ऑफ इंडेम्निटी अँड ऑब्लिव्हियन’, ‘कन्व्हेन्शन पार्लमेंट’ आणि ‘रंप’. पहिल्याचं भाषांतर स्पर्धापरीक्षेच्या एका झेरॉक्स नोट्समध्ये ‘नुकसानभरपाई व विस्मृती कायदा’ असं सापडलं. वाचून असं वाटतं की पार्लमेंटने कुणाला तरी पैसे वाटले आणि मग कुणाला वाटले तेच विसरलं!

दौतटाक

आधी एक पुणेरी खडा : ‘पुनःस्थापना’. पुढे ‘स’ असल्यामुळे विसर्ग तसाच राहतो, त्याचा र् होत नाही. झालं, आता मुद्द्यावर येतो.

नोट्सवाल्याची चूक कुठून आली ते कळतं. इंडेम्निटी म्हटलं की आपल्याला बँक आठवते. ठेवीची पावती हरवली की स्टँपपेपरवर लिहून द्यावा लागतो तो इंडेम्निटी बाँड. तिथे ‘क्षतिपूर्ती’, ‘नुकसानभरपाई’ बरोबरच आहे. पण लॅटिन मुळात अर्थ आहे ‘इजा न पोचलेला’. इजा न पोचू देण्याच्या रीती दोन. एक, पोचलीच तर भरून देऊ, ही बँकेची. दुसरी, आम्ही पोचवणारच नाही. ही १६६० ची. वीस वर्षांत ज्यांनी राजाविरुद्ध शस्त्र धरलं, कर वसूल केले, न्यायालयं चालवली, त्यांना यापुढे त्याबद्दल हात लावणार नाही, असं हा कायदा सांगतो. मराठीत याला सरळ ‘अभय’ म्हणतात. अभय व विस्मरण कायदा.

निवृत्त पेशकार

आम्ही कोर्टात ‘माफी’ म्हणायचो. माफीचा साक्षीदार वगैरे. ‘माफी व विस्मरण’ का नको?

दौतटाक

काका, ‘माफी’त गुन्हा घडल्याची कबुली आली. क्रॉमवेलचा जुना सेनापती जनरल मंक, त्याच्या सैन्यातल्या शिपायांना आपण गुन्हा केला असं वाटतच नव्हतं. त्यांना हवी होती खात्री. आणि मंकचं सैन्य पाठीशी नसतं तर राजा परत आलाच नसता, तेव्हा शब्द जपून वापरणं भाग होतं.

गडभटक्या

आपल्या जुन्या कागदांत यासाठी फर्मास शब्द आहे : कौल. कौल देणे, कौलनामा. या, आपल्या जागी राहा, मागचं काही काढणार नाही, असं सत्तेने दिलेलं लेखी आश्वासन. चार्ल्सने हॉलंडमधल्या ब्रेडाहून एप्रिल १६६० मध्ये जो जाहीरनामा धाडला तो तर निव्वळ कौल आहे. ४० दिवसांच्या आत जो राजनिष्ठा जाहीर करेल त्याला अभय. त्यातून कुणाला वगळायचं ते मात्र पार्लमेंटने ठरवावं. ही मेख फार हुशारीची होती. गोड शब्द राजाच्या नावावर, सूड पार्लमेंटच्या.

धागाकर्ती

कौल आवडला! पण तो जाहीरनामा १ मे ला पार्लमेंटमध्ये वाचला गेला आणि त्याच दिवशी राजा, लॉर्ड्स (वरचं सभागृह) आणि कॉमन्स (खालचं) मिळूनच राज्य चालायला हवं असा ठराव झाला. आता मी लिहिलं की ‘१ मे रोजी सभागृहात कौल वाचण्यात आला’, तर वाचक म्हणेल, निवडणुकीचा निकाल वाचला. नाहीतर कोकणातला असेल तर त्याला देवळातला गुरव दिसेल, देवाला लावलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून.

गडभटक्या

‘अभयाचा कौल’ म्हणा. जोडीने आलं की छपराची कौलं पण आठवणार नाहीत.

शंकासुर

बरं, अभय ठरलं. पण कायद्याने विसरायला कसं लावतात? विस्मरण ही काय हुकमाने होणारी गोष्ट आहे? आमच्याकडे दूध गॅसवर ठेवलंय हे हुकमाशिवाय विसरलं जातं, तो भाग वेगळा.

दौतटाक

इथेच खरी गंमत आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

विधेयक मे महिन्यात कॉमन्समध्ये आलं आणि त्याला राजाची संमती मिळाली २९ ऑगस्टला. मधला सगळा वेळ गेला तो ‘कुणाला वगळायचं’ यात. कॉमन्सने सुरुवातीला देहदंडासाठी सातच माणसं वगळायची ठरवली. लॉर्डांना ती यादी फार आखूड वाटली. मग नाव घाला, नाव काढा, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठका. शेवटी २७ जुलैला चार्ल्स स्वतः लॉर्ड्समध्ये येऊन बोलला की हे आता आटपा. विल्यम प्रिन नावाचे सदस्य होते, ज्यांचे कान या राजाच्या बापाच्या कारकिर्दीत कापले गेले होते. तेच आता बापाच्या मारेकऱ्यांना सोडू नका म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते.

पण शब्दचर्चेच्या दृष्टीने कायद्यातलं एक कलम सोन्याचं आहे. पुढची तीन वर्षं, मागच्या तंट्याची आठवण उकरून काढणारं नाव किंवा दूषण कुणी द्वेषाने वापरलं तर दंड. बोलणारा ‘जंटलमन’ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा असेल तर १० पौंड, त्याखालचा असेल तर ४० शिलिंग. आणि दंडाची रक्कम ज्याला बोललं त्याला!

म्हणजे पार्लमेंटने मनातलं पुसायला सांगितलं नाही, तोंडाला कुलूप घातलं. हे विसरणं नव्हे, न काढणं. ‘मागचं काढू नकोस’ असं आपण भावकीत म्हणतो ना, जमिनीच्या वादानंतर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसायची वेळ आली की? अगदी तेच. म्हणून ‘विस्मृती’ मला पटत नाही. विस्मृती हा वैद्याकडे न्यायचा प्रकार आहे. ‘विस्मरण’ त्यातल्या त्यात बरं.

धागाकर्ती

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ कायदा!

दौतटाक

थेम्सला मिळालं म्हणा. पण खरंच, कंसात ही म्हण टाकलीत तर कुठल्याही प्रतिशब्दापेक्षा लवकर कळेल.

आणि भाषांतराची कसोटी सांगतो. या कायद्यावर राजाच्या पक्षातल्या लोकांनी तेव्हाच एक कोटी केली होती. राजासाठी लढताना त्यांनी जमिनी विकलेल्या, त्या काही परत मिळेनात. ते म्हणू लागले, हा कायदा म्हणजे राजाच्या शत्रूंना इंडेम्निटी आणि मित्रांना ऑब्लिव्हियन. आता मराठीत करून बघा. ‘शत्रूंना नुकसानभरपाई, मित्रांची विस्मृती’ : जमत नाही. ‘शत्रूंना अभय, मित्रांचं विस्मरण’ : जमलं. ज्या शब्दांत त्या काळची कोटी उतरते ते शब्द बरोबर, असा माझा ठोकताळा आहे.

शंकासुर

पण विसरले कुठे? त्याच ऑक्टोबरात, पहिल्या चार्ल्सच्या देहदंडाच्या हुकमावर सही करणाऱ्या हॅरिसनला लंडनमध्ये चेरिंग क्रॉसला फाशी दिली, पुढच्या ३० जानेवारीला क्रॉमवेलचं प्रेत उकरून टायबर्नच्या वधस्तंभाला टांगलं. शिवाय याच पार्लमेंटने दरवर्षी २९ मे ला आभारदिन पाळायचा कायदाही केला. एकाच बैठकीत एक कायदा विसरण्याचा, एक आठवण्याचा.

निवृत्त पेशकार

आता ‘कन्व्हेन्शन’कडे या. या कोड्यात आमच्या खात्याचा मामला आहे.

पार्लमेंट बोलवायचा अधिकार राजाचा. राजाचं आज्ञापत्र निघालं तर ती पार्लमेंट, नाहीतर नुसता जमाव. १६६० च्या निवडणुकीची आज्ञापत्रं निघाली तेव्हा राजा समुद्रापलीकडे. ती निघाली ‘इंग्लंडच्या स्वातंत्र्याचे राखणदार’ अशा नावाने. २५ एप्रिलला दोन्ही सभागृहं भरली. त्यांनी राजाला बोलावलं, आणि राजा आला तेव्हा प्रश्न उभा राहिला की राजाला बोलावणारे तुम्ही, पण तुम्हाला बोलावलं कुणी? समन्स बजावलेलाच नाही आणि पक्षकार हजर! तेव्हा चार्ल्सच्या पहिल्याच कायद्याने जाहीर करावं लागलं की राजाचं आज्ञापत्र नसलं तरी ही पार्लमेंटच समजावी. आणि तरीही लोकांच्या मनात किंतु राहिला म्हणून १६६१ च्या मे महिन्यात भरलेल्या पुढच्या पार्लमेंटने हिचे कायदे पुन्हा पक्के केले.

म्हणून ‘अधिवेशन’ साफ चूक, कारण अधिवेशन हे रीतसर असलेल्या सभागृहाचंच भरतं. ‘परिषद’ म्हटलं तर आपली विधान परिषद मधे येते. ‘संमेलन’ म्हटलं तर अध्यक्षांच्या निवडीवरून वाद सुरू.

धागाकर्ती

अनाहूत संसद कसं वाटतं? आहूत म्हणजे बोलावलेला, अनाहूत म्हणजे न बोलावलेला.

निवृत्त पेशकार

वा! शब्दशः चपखल. पण अनाहूत पाहुणा नकोसा असतो, आणि ही संसद तर सगळ्यांना हवीशी होती. सदस्य रीतसर निवडून आले होते. सभापती हार्बॉटल ग्रिम्स्टन खुर्चीत होते. टिंगलीची छटा येते.

दौतटाक

मग पहिल्यांदा ‘राजाज्ञेविना भरलेली (कन्व्हेन्शन) संसद’ असं लिहून पुढे नुसतं ‘कन्व्हेन्शन’ ठेवा. १६८९ मध्ये दुसरा जेम्स पळून गेल्यावरही तशीच एक भरली होती, तिथेही उपयोगी पडेल. ‘अनाहूत’ मात्र मी माझ्या वहीत लिहून ठेवतोय.

शंकासुर

‘रंप’वर माझा हक्क. रंप म्हणजे जनावराचा पुठ्ठा, मागचा भाग. डिसेंबर १६४८ मध्ये कर्नल प्राइड शिपाई घेऊन दारात उभा राहिला आणि राजाशी तडजोड करू पाहणाऱ्या सदस्यांना आत येऊ देईना. जे उरले त्यांना लोक हिणवून ‘रंप’ म्हणू लागले. मराठीत ‘उरलीसुरली संसद’ म्हटलं की अर्थ येतो, शिवी जाते. ‘ढुंगण संसद’ म्हटलं की शिवी येते, संपादक जातो.

माझा शब्द : बुडखा संसद. झाड तोडल्यावर जमिनीत उरतो तो बुडखा. आणि त्यात ‘बूड’ आहेच!

दौतटाक

दंडवत. आणि फेब्रुवारी १६६० मधली रात्रही यात बसते. मंकने बुडख्याला सज्जड पत्र लिहिलं तेव्हा लंडनकरांनी गल्लोगल्ली खरोखरचे पुठ्ठे विस्तवावर भाजले. सॅम्युअल पेप्सने रोजनिशीत लिहिलंय की स्ट्रँडच्या पुलापाशी एका नजरेत ३१ शेकोट्या मोजल्या. टीप मात्र द्यावी लागेल, कारण बुडखा भाजून कुणी खात नाही.

गडभटक्या

दहा दिवसांनी प्राइडने वगळलेले सदस्य परत आत आले, आणि १६ मार्चला या जुन्या पार्लमेंटने स्वतःच स्वतःला बरखास्त केलं. ‘बरखास्त झाली’ लिहू नका हं. १६४१ च्या कायद्याने तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय तिला कुणी बरखास्त करू शकत नव्हतं, तेव्हा ‘केलं’ हेच क्रियापद हवं. ‘बरखास्त’चा फारसीतला मूळ अर्थ ‘उठला’, आणि इंग्रजीतही सभागृह ‘उठतं’च. एक खबरदारी : तेव्हाच्या इंग्लिश नोंदींत या १६ मार्चला साल १६५९ दिसेल. त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. चैत्रपाडव्याला वर्ष बदलणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

आणि तुमच्या टिपणात ‘चार्ल्स १६६० मध्ये राजा झाला’ असं असेल तर तेही बदला. ८ मे च्या घोषणेने त्याला राजा केलं नाही, तो बाप मेल्या क्षणापासून राजा होताच असं जाहीर केलं. १६६० चे कायदे त्याच्या कारकिर्दीच्या बाराव्या वर्षातले म्हणून नोंदले आहेत. मधली अकरा वर्षं कागदावर प्रजासत्ताक नव्हतंच! राज्याभिषेक तर २३ एप्रिल १६६१ चा, त्याने मोजणीत काही फरक पडला नाही. आपल्याकडे उलट, महाराजांचा शक १६७४ च्या राज्याभिषेकापासून. तेव्हा ‘राज्यारोहण’, ‘राज्याभिषेक’ आणि ‘पुनःस्थापना’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका.

निवृत्त पेशकार

जाता जाता एक. याच कन्व्हेन्शनने सरदारी चाकरीच्या अटींवरची जुनी जमीनधारणा मोडून ती ‘सोकेज’वर आणली. १६६८ मध्ये राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं ते याच सोकेजने, ईस्ट ग्रीनिचच्या मॅनॉरच्या (जहागिरीच्या) रीतीने, वर्षाला १० पौंड सोन्यात. मुंबईच्या इतिहासावरच्या मराठी लेखांत हा शब्द कुणी उलगडत नाही. मला ‘ठराविक खंडाची, चाकरी नसलेली जमीन’ सुचतं. एका शब्दात काय?

गडभटक्या

‘खंडाने दिली’. आमच्या गावात अजून असंच म्हणतात. आख्खी मुंबई दहा पौंड खंडाने!

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ‘अभय व विस्मरण कायदा’, ‘राजाज्ञेविना भरलेली कन्व्हेन्शन संसद’ आणि ‘बुडखा’ घेते. पुनःस्थापनेतला विसर्ग पण घेते, दौतटाक यांनी दर वेळी तो काढू नये.

शंकासुर

दौतटाक, मागचं काढलंत तर दंड आहे, आणि रक्कम ताईंना. १० पौंड की ४० शिलिंग ते तुम्हीच सांगा, तुमचा दर्जा तुम्हाला ठाऊक.

दौतटाक

पेन्शनर माणूस आहे. ४० शिलिंग लिहा.