प्रति: मोबाइलवरच्या विमानाच्या खेळांनी सीपीएसएसची (वैमानिक निवडण्यासाठीच्या संगणकीय परीक्षेची) तयारी होते का?

ताई, खेळाने थोडा हात बसेल, पण मुलाचा सगळा वेळ त्यात घालवू नका. माझ्या भाच्याने तेच केलं होतं. आम्ही नाशिकरोडला राहतो, गांधीनगरच्या आर्मी एव्हिएशनची हेलिकॉप्टरं डोक्यावरून जातात, त्यामुळे घरात प्रत्येकजण तज्ज्ञ!

खरी मेहनत घ्यायची ती डायल वाचण्यावर. अल्टिमीटरचा, म्हणजे उंची दाखवणाऱ्या डायलचा, आखूड काटा हजार फूट दाखवतो, लांब काटा शंभर. घड्याळाची सवय असलेला हमखास गोंधळतो. कृत्रिम क्षितिजाचंही (विमानाचा कल दाखवणाऱ्या डायलचं) तसंच: विमान डावीकडे कललं की रेघ उजवीकडे उतरलेली दिसते. भाचा विमानाऐवजी रेघच कलली असं समजून उलटं उत्तर द्यायचा. शेवटी आम्ही पुठ्ठ्याच्या डायल केल्या. बहीण रोज संध्याकाळी काटे फिरवायची आणि हा उंची, दिशा, कल सांगायचा. महिन्याभरात अडखळणं थांबलं.

परीक्षेत पायांनी पेडलही चालवावी लागतात, त्याचं वेगळंच. डावं पेडल दाबलं की नाक डावीकडे वळतं. सायकलच्या हँडलची डावी मूठ पुढे ढकलली तर आपण उजवीकडे जातो. ही जुनी सवय आड येते, म्हणून खुर्चीत बसून, खाली दोन पाट ठेवून सराव केला तरी चालतो. (शेजारी हसले, हसू देत.)

आणि हो, फ्लाइंग ब्रँचसाठी (वैमानिकांच्या शाखेसाठी) ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. आदल्या रात्री जागरण नको. बाकी मुलाखत, गट चर्चा वगैरेंचं वर बऱ्याच जणांनी लिहिलंच आहे.