मदत हवी आहे: जावातून फाइल वाचून परत लिहिली की ‘सुपारी’ तुटते, ‘चिबूड’ मात्र शाबूत राहतो, असं का?

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातली, बीकॉम झालंय, आता दोन महिने संध्याकाळच्या क्लासला जावा शिकतेय. प्रश्न अगदी सुरुवातीचा असेल तर सांभाळून घ्या, पण क्लासमधे विचारलं, तिथे कोणाला कारण सांगता आलं नाही आणि चवथ आता जवळ आलीय.

मी काय करतेय ते आधी सांगते. आमच्या घरी गणपतीच्या माटोळीला (गोव्यात मूर्तीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला) काय काय बांधायचं ते सगळं आजीच्या डोक्यात आहे. ती 81 वर्षांची. बाजारात मिळतं ते वेगळं आणि रानातून आणायचं ते वेगळं, कुठल्या वस्तूला काय म्हणतात हे तिलाच ठाऊक, बाबांना निम्मं माहीत आणि आम्हा पोरांना तर नारळ-सुपारीच्या पुढे काहीच नाही. म्हणून गेल्या महिन्यात रोज दिवेलागणीनंतर तिच्याजवळ बसून मी नावं वहीत लिहून घेतली. कवंडळ, तोरिंग, आंबाडे, फागलां, घागऱ्यो, कांगलां, तिरफळां, चिबूड, नीरफणस, दुदी अशी 43 झाली. मग म्हटलं आपण जावा शिकतोच आहोत तर ही यादी एका टेक्स्ट फाइलमधे ठेवू, प्रोग्राम ती वाचेल, प्रत्येक नावापुढे आकडा घालेल आणि नवीन फाइल तयार करेल. पुढे कोण काय आणणार तेही त्यात घालता येईल. डेटाबेस वगैरे मला अजून येत नाही आणि एवढ्यासाठी नकोही आहे.

आधीच्या दोन चुका मी स्वतः सोडवल्या, त्या इथे लिहून ठेवते, कोणा नवीन माणसाला उपयोग होईल. पहिली अशी की 43 नावांतली 21च दिसायची आणि शेवटी ‘नल’ असा शब्द यायचा. व्हाइल लूपच्या कंसात मी रीडलाइन बोलावून ती नल आहे का ते बघत होते आणि आत छापताना पुन्हा रीडलाइन बोलावत होते, म्हणजे एक ओळ तपासण्यात जायची आणि दुसरी छापली जायची. ओळ एकदाच वाचायची, व्हेरिएबलमधे ठेवायची आणि तीच तपासायची, तीच वापरायची. दुसरी चूक जास्त जिव्हारी लागली. मी वाचायची फाइल आणि लिहायची फाइल एकाच नावाची ठेवली होती. फाइलरायटर उघडल्या क्षणी जुना मजकूर पुसून टाकतो हे मला माहीत नव्हतं, वाचायच्या आधीच फाइल शून्य बाइटची झाली आणि आजीने सांगितलेली सगळी नावं गेली. वही होती म्हणून वाचले, पुन्हा दोन तास बसून टाइप केलं. आता आउटपुटची फाइल वेगळ्या नावाची आहे.

आता खरा प्रश्न. क्लासच्या कॉम्प्युटरवर नोटपॅडमधे यादी टाइप केली, ओळीला एक नाव, सेव्ह करताना यूटीएफ 8 हे एन्कोडिंग (अक्षरं बाइटमधे साठवायची पद्धत) निवडलं. पहिली ओळ नारळ, दुसरी सुपारी. प्रोग्राम फाइलरीडर आणि बफर्डरीडरने वाचतो, फाइलरायटरने लिहितो, शेवटी दोन्ही क्लोज करतो. काळ्या पडद्यावर छापलं तर सगळं अगम्य येतं, कुठलंच अक्षर ओळखू येत नाही. पण आउटपुट फाइल पेनड्राइव्हवर घालून घरी व्हीएस कोडमधे उघडली तर बहुतेक नावं चक्क बरोबर! चिबूड बरोबर, कवंडळ बरोबर, तोरिंग, आंबाडे, नीरफणस बरोबर. आणि सुपारी, घागऱ्यो, दुदी ही मात्र तुटलेली, मधेच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह आणि त्याला लागून साधं प्रश्नचिन्ह. सगळंच बिघडलं असतं तर मी समजून घेतलं असतं, पण काही नावं बिघडतात आणि काही नाही याचं डोकंच चालत नाही. त्यात हाच प्रोग्राम भावाच्या लॅपटॉपवर चालवला तर एकही नाव तुटत नाही.

इंटरनेटवर वाचून फाइलरीडरला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून यूटीएफ 8 देऊन बघितलं, तर क्लासमधे कंपाइलच होत नाही, असा कन्स्ट्रक्टरच नाही म्हणतो. कोणी सांगेल का काय चुकतंय?

प्रतिसाद (फोंडा)

फॉन्टचा प्रॉब्लेम असणार. क्लासच्या पीसीवर मराठी फॉन्ट नीट टाकलेला नसेल, तो टाकून बघ.

धागाकर्ती

दादा, फॉन्ट असता तर घरी व्हीएस कोडमधे तरी बरोबर दिसायला पाहिजे होतं ना? मूळ यादी तिथे नीट दिसते, आउटपुटचीच दिसत नाही.

प्रतिसाद (म्हापसा)

बरोबर आहे तुझं, हा फॉन्टचा विषय नाही. मी बरीच वर्षं जावात काम करतोय आणि असला प्रकार बघितलाय, पण अंदाजाने सांगण्यापेक्षा आधी मोजून घेऊ. तीन गोष्टी कर, क्लासमधेही आणि लॅपटॉपवरही. एक, कमांड प्रॉम्प्टवर जावाची व्हर्जन बघ. दोन, कॅरसेट डॉट डिफॉल्टकॅरसेट छापून बघ, म्हणजे जावा आपणहून कुठलं एन्कोडिंग धरतो ते कळेल. तीन, प्रत्येक ओळ वाचल्यावर नाव छापू नकोस, फक्त त्याची लेन्थ छाप. आकडे कुठल्याही पडद्यावर नीट दिसतात, अक्षरं फसवतात. नारळ, सुपारी आणि चिबूड या तीन ओळींचे आकडे इथे टाक. आणि एक सांग, यादीत ए किंवा झ असलेलं काही आहे का? असेल तर तेही तुटलेलं असणार.

धागाकर्ती

सर, केलं. क्लासमधे जावा 8 आहे, कॅरसेट विंडोज-1252 येतं. सुपारी 18, चिबूड 15, नारळ 15. लॅपटॉपवर जावा 21, यूटीएफ-8, सुपारी 6, चिबूड 5, नारळ 5.

आणि होय, आईने शेवटी झेंडू घातला होता, तो पहिल्याच अक्षराला तुटलाय! तुम्हाला न बघता कसं कळलं?

पण नारळ 5 कसा? न, काना, र, ळ, चारच होतात. सुपारीचे सहा आणि चिबूडाचे पाच मी बोटांवर मोजले, ते जुळतात.

प्रतिसाद (म्हापसा)

मोजून बघितलंस ते बरं केलंस, नारळाकडे शेवटी येतो.

फाइलमधे अक्षरं नसतात, बाइट असतात. यूटीएफ 8 मधे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, उकार, हलन्त (जोडाक्षरात लपलेलं पाय मोडायचं चिन्ह) यांतलं प्रत्येक, तीन बाइट घेतं. सुपारीत सहा चिन्हं, म्हणजे 18 बाइट. क्लासच्या जावाला तू फाइल कुठल्या एन्कोडिंगमधली आहे हे सांगितलंच नाहीस, मग तो विंडोजच्या डिफॉल्टने, विंडोज-1252 ने वाचतो, आणि त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. म्हणून त्याच्या लेखी सुपारी 18 अक्षरांचा कसलातरी युरोपियन शब्द आहे. पडद्यावर दिसतं ते हेच.

आता लिहिताना फाइलरायटर तेच विंडोज-1252 वापरतो, म्हणजे चुकीचं वाचलेलं प्रत्येक अक्षर पुन्हा त्याच बाइटमधे जातं. दोन चुका एकमेकींना खोडतात आणि फाइल बरोबर निघाल्यासारखी वाटते. पण विंडोज-1252 मधे पाच बाइटना अक्षरच नेमलेलं नाही: 81, 8डी, 8एफ, 90 आणि 9डी, हे हेक्स (सोळाच्या पायातले) आकडे. त्यांतला एखादा वाचताना आला की जावा त्याच्या जागी ‘कळलं नाही’ चं चिन्ह ठेवतो आणि लिहिताना साधं प्रश्नचिन्ह टाकतो. देवनागरीत नेमका 81 ने संपतो तो ऱ्हस्व उकार आणि 8डी ने संपतो तो हलन्त. 8एफ वर ए, 90 वर ऐ, 9डी वर झ, चंद्रबिंदूही 81 वरच. म्हणून सुपारी आणि दुदी उकाराने गेल्या, घागऱ्यो जोडाक्षराने गेला. चिबूडाचा उकार दीर्घ, त्याचा शेवटचा बाइट 82, तो विंडोज-1252 ला माहीत आहे, म्हणून चिबूड वाचला.

लॅपटॉपवर चालतं कारण जावा 18 पासून, म्हणजे 2022 पासून, डिफॉल्टच यूटीएफ 8 केलाय, विंडोजवरसुद्धा. पण त्याच्या भरवशावर राहू नकोस, नेहमी नाव घेऊन सांग. फाइलरीडरला कॅरसेट द्यायची सोय जावा 11 मधे आली, म्हणून क्लासमधे कंपाइल होत नाही. 8 वर फाइल्स डॉट न्यूबफर्डरीडर आणि फाइल्स डॉट न्यूबफर्डरायटर वापर, आधी पाथ दे आणि मग स्टँडर्डकॅरसेट्स डॉट यूटीएफ अंडरस्कोर 8. दोन्ही ट्रायच्या कंसात उघड, म्हणजे मधे एरर आली तरी ते आपोआप बंद होतात आणि बफरमधे अडकलेला मजकूर फाइलमधे उतरतो. यांचा मला आवडणारा गुण म्हणजे बाइट चुकीचे असले तर हे गुपचूप प्रश्नचिन्ह टाकत नाहीत, सरळ माल्फॉर्म्डइनपुट एक्सेप्शन देऊन थांबतात. नवख्याला एरर आली की भीती वाटते, पण आजीची नावं मुकाट्याने कुरतडण्यापेक्षा प्रोग्राम ओरडलेला कधीही परवडला.

तुटलेली आउटपुट फाइल लॅपटॉपवर फाइलरीडरने वाचून पुन्हा लिहू नकोस. आत्ता तिथे निदान एवढं कळतं की सुपारी, दुदी, घागऱ्योत गेलेलं अक्षर उकार किंवा हलन्त आहे, एकदा यूटीएफ 8 म्हणून वाचून लिहिलीस की तेही पुसलं जाईल. प्रोग्रामने ती दुरुस्त होणार नाही, कारण उकार की हलन्त हे त्या प्रश्नचिन्हावरून ठरत नाही. मूळ यादी शाबूत आहे, तीच घे.

प्रतिसाद (काणकोण)

मधेच बोलते, नारळाचं मी सांगते, माझा याच्यावर एकदा आख्खा दिवस गेलाय. जुन्या विंडोजचं नोटपॅड यूटीएफ 8 मधे सेव्ह करताना फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक न दिसणारी खूण टाकतं, तिला बॉम म्हणतात. नवीन नोटपॅड आपणहून टाकत नाही. जावा ती काढत नाही, पहिल्या ओळीचं पहिलं अक्षर समजतो. म्हणून तुझा नारळ यूटीएफ 8 मधे पाच आणि क्लासमधे 12 च्या जागी 15. पुढे तू यादीत ‘नारळ’ शोधायला इक्वल्स लावशील तर तो सापडणार नाही, डोळ्यांना मात्र शब्द तोच दिसेल. ट्रिमनेही जात नाही. पहिल्या ओळीचं पहिलं कॅरेक्टर एफईएफएफ (बॉमचा कोड) आहे का बघ, असेल तर सबस्ट्रिंग 1 पासून घे. नाहीतर व्हीएस कोडमधे उघडून खालच्या पट्टीवर ‘यूटीएफ 8 विथ बॉम’ असं दिसेल, तिथून नुसत्या यूटीएफ 8 मधे सेव्ह कर.

धागाकर्ती

ताई, मी खरंच कालपासून नारळ शोधतेय आणि सापडत नाहीये, म्हटलं स्पेलिंग चुकलं की काय, तीनदा पुसून पुन्हा टाइप केला!

आत्ता क्लासमधूनच लिहितेय. सांगितलं तसं दोन्हीकडे यूटीएफ 8 लिहिलं. आधी मुद्दाम तुटलेली फाइल वाचायला दिली, लगेच माल्फॉर्म्डइनपुट येऊन थांबला. मग मूळ यादी बॉम काढून दिली. नारळ 4, सुपारी 6, चिबूड 5, झेंडू धरून सगळ्या 44 ओळी आल्या आणि घरी भावाकडे फाइल पाठवली तर तो म्हणतो घागऱ्यो पूर्ण दिसतो. काळ्या पडद्यावर मात्र अजून नीट येत नाही, आता प्रश्नचिन्हं दिसतात.

प्रतिसाद (म्हापसा)

तो पडदा वेगळा, त्याचं एन्कोडिंग फाइलशी बांधलेलं नाही आणि जुन्या विंडोजच्या त्या खिडकीत देवनागरी जुळवून दाखवायची ताकदच नाही. ते सोडून दे. खरं-खोटं बघायचं तर फाइल उघडून बघ किंवा लेन्थ छाप. रोज नवीन नावं शेवटी जोडायची असतील तर न्यूबफर्डरायटरला पुढे स्टँडर्डओपनऑप्शनचे क्रिएट आणि अपेंड दोन्ही दे, नाहीतर जुनी यादी पुन्हा पुसली जाईल. आणि पहिल्यांदा चालवायच्या आधी फाइलची एक कॉपी बाजूला ठेव.

धागाकर्ती

कॉपी ठेवली, एक पेनड्राइव्हवर आणि एक बाबांच्या फोनवर. आजीला काल आणखी चार नावं आठवलीत, ती आज रात्री अपेंडने घालते. तिघांनाही देव बरें करूं.