रॉटरडॅमच्या खरेदीदाराने द्राक्षाचे पैसे कापले. कायदा कुठला लागतो?

दिंडोरीकर:
राम राम मंडळी. मोहाडीजवळ आमची साडेचार एकर थॉम्पसन द्राक्षं आहेत. मार्चमध्ये भावकीतल्या चौघांनी मिळून एक रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, भरला, न्हावाशेवाहून हॉलंडमधल्या रॉटरडॅमला. दर ठरलेला होता, कमिशनवरचा माल नव्हता. कंटेनर उघडल्यावर अकराव्या दिवशी मेल आला: देठ तपकिरी, मणीगळ जास्त, म्हणून बिलातून ६,८०० युरो वजा. सोबत मोबाईलवर काढलेले तीन फोटो. त्यातल्या एका फोटोतल्या पेटीवर आमच्या पॅकहाऊसचं लेबलच नाही! माल तपासणारा सर्व्हेअर बोलावला नाही, कंटेनरमधला टेम्परेचर रेकॉर्डर मागितला तर उत्तर नाही. प्री-कूलिंगच्या, म्हणजे माल भरण्याआधी थंड केल्याच्या, नोंदी माझ्याकडे तासातासाच्या आहेत.
करार एका पानाचा. भांडण झालं तर कुठलं कोर्ट, कुठला कायदा, एक ओळ नाही. असल्या विक्रीसाठी जागतिक करार आहे म्हणतात, त्यात भारत आहे का?

वकील, कॉलेज रोड:
दादा, तो १९८०चा व्हिएन्ना करार, मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीचा. ९०हून जास्त देश त्यात आहेत. हॉलंड आहे, जर्मनी, अमेरिका, चीनही आहेत. भारत नाही. माझ्या मते ही आपली मोठी चूक आहे, आणि तिची झळ तुमच्यासारख्या एका पानावर व्यवहार करणाऱ्याला बसते. मोठी कंपनी वीस पानी करार करून मोकळी होते.
करारात कायदा लिहिला नसेल तर युरोपातलं कोर्ट साधारणपणे विकणाऱ्याच्या देशाचा कायदा धरतं. म्हणजे आपला १९३०चा मालविक्री कायदा. तो तुमच्या बाजूचा आहे: वाजवी मुदतीत माल नाकारल्याचं न कळवता ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरतात. नाशवंत मालाला अकरा दिवस वाजवी कसे, हा तुमचा मुद्दा. पण तो तिथल्या जजला आपला कायदा समजावून पटवायचा, आणि तो खर्च तुमचा.

पिंपळगाव निर्यात:
मग नाशिकलाच दावा ठोकावा ना?

वकील, कॉलेज रोड:
निकाल मिळेल, पण वसूल कुठून करणार? खरेदीदार इंग्लंडचा असता तर वेगळं. त्यांची आपली परस्पर व्यवस्था जुनी आहे, जिल्हा न्यायालयाचा पैशाचा हुकूम तिथे नोंदवून वसुली करता येते. हॉलंडशी तशी व्यवस्था नाही. कोर्टांचे निकाल एकमेकांनी मानायचे दोन हेग करार आहेत, २००५चा आणि २०१९चा. युरोपीय संघ दोन्हीत आहे, भारत एकाही नाही.
सगळंच अडलंय असंही नाही. आपली कागदपत्रं परदेशात खरी मानली जावीत यासाठीचा अपोस्टिल करार २००५पासून आपल्याकडे लागू आहे, परदेशी समन्स बजावण्याचा २००७पासून. आणि लवादाचा, म्हणजे कोर्टाऐवजी दोघांनी मान्य केलेल्या पंचाकडून निवाडा घेण्याचा, न्यूयॉर्क करार भारताने १९६० सालीच मंजूर केला. हॉलंडही त्यात आहे. त्यामुळे कोर्टाचा हुकूम जिथे अडतो तिथे लवादाचा निवाडा चालतो.

दिंडोरीकर:
पण लवादाचं कलम आमच्या करारात नाही.

वकील, कॉलेज रोड:
या कंटेनरसाठी दोघांनी लेखी मान्य केलं तरच. म्हणून आज मेल करा: कपात मान्य नाही, सर्व्हे रिपोर्ट आणि रेकॉर्डरचा डेटा सात दिवसांत पाठवा. लेबल नसलेल्या पेटीचा फोटो जोडून तो माल आमचा नाही हे स्पष्ट लिहा. गप्प बसू नका. पुढच्या हंगामाच्या करारात तीन ओळी घाला: भारतीय कायदा; लवाद, त्याच्या बैठकीचं ठिकाण नाशिक किंवा मुंबई; आणि माल उतरल्यापासून ४८ तासांत स्वतंत्र सर्व्हेअरचा अहवाल आला नाही तर क्लेम नाही.

पिंपळगाव निर्यात:
४८ तासांचं आम्ही गेल्या वर्षी घातलं. खरेदीदाराने ७२ मागितले, दिले. क्लेम आला तेव्हा सर्व्हेअर हजर होता, त्यामुळे वाद मिटला. रेकॉर्डरचा नंबरही पॅकिंग लिस्टवर लिहा.

दिंडोरीकर:
मेल टाकला. चौघांच्या सह्या घेतल्या, लेबलचा फोटो मोठा करून जोडला. ऑक्टोबर छाटणीच्या आधी नव्या कराराचा कच्चा मसुदा घेऊन कॉलेज रोडला येतो, वकीलसाहेब.