मदत हवी आहे: स्टेलारिसमध्ये भाच्याने पवित्र ग्रहावर वसाहत केली, आता तो खेळायलाच बसत नाही

नमस्कार मंडळी,

प्रश्न अर्धा गेमचा आहे, अर्धा घरातला. दोन्ही बाजूंनी सल्ला चालेल.

आम्ही तिघं भाऊ शनिवारी रात्री जेवणं आटोपली की स्टेलारिस खेळतो. मी भुसावळला, मावसभाऊ धुळ्याला, चुलतभाऊ नोकरीनिमित्त पुण्यात. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे भुसावळला जमलो. बहीणही माहेरी आली, सोबत भाचा, दहावीची परीक्षा देऊन मोकळा. रिवाजाप्रमाणे मोठी मंडळी खाली पत्त्यांत रंगली आणि आम्ही वरच्या खोलीत कूलरसमोर लॅपटॉप मांडून बसलो. भाचा मागे उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा बघून चौथं साम्राज्य त्याला दिलं.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅराडॉक्सने २०१६ साली आणलेला गेम. २२०० सालापासून सुरुवात होते, एका ग्रहावरून आकाशगंगेत पसरत जायचं. नकाशावर पहिल्यापासून काही ‘फॉलन एम्पायर’ असतात. प्रचंड ताकदवान, पण डिवचलं नाही तर कुणाच्या वाटेला न जाणारी. त्यातलं एक धार्मिक असतं आणि त्याने काही ग्रह पवित्र ठरवून ठेवलेले असतात. गंमत अशी की हे गाया प्रकारचे ग्रह, म्हणजे कुठल्याही प्रजातीला शंभर टक्के मानवणारे, आणि वर रिकामे! नवख्या माणसाला दुसरं काय वाटणार? भाच्याने वसाहतीचं जहाज पाठवून दिलं.

त्या लोकांचा रीतसर निरोप आला की ग्रह सोडा. भाच्याने न वाचता नकाराचं बटण दाबलं. नंतर विचारलं तर म्हणाला, “मामा, मघापासून इतके मेसेज येत होते, मी सगळे असेच बंद करत होतो.” आम्ही चौघं एकाच फेडरेशनमध्ये, त्यामुळे एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर. धुळ्याच्या भावाने संध्याकाळभर खपून बांधलेलं आरमार त्यांच्या पहिल्याच ताफ्यासमोर संपलं.

इथवर ठीक होतं, हसलो. पण मग नाव पडलं ‘महाराज’. रात्री आमरसाच्या पंगतीत ही बातमी पत्तेवाल्यांपर्यंत गेली आणि थोरल्या मामांनी, ज्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही, विचारलं, “काय महाराज, कोणत्या ग्रहावर प्लॉट घेतला?” आमच्याकडे एकदा असं सुरू झालं की आटोपत नाही. पत्त्यांत कुणी कधी चुकीचं पान टाकलं ते अजून काढतात.

पोरगा त्या रात्री हसला. चोपड्याला परत गेल्यापासून मात्र शनिवारी एक तर लाईट नसते, नाही तर नेट नसतं. बहीण सांगते की याच गेमचे व्हिडिओ तासन्‌तास बघतो. म्हणजे आवड गेलेली नाही.

तर मला विचारायचंय की तो डाव सावरता येईल का, पुढच्या वेळी सेटिंग काय ठेवावी, आणि तुमच्या स्वतःच्या फजित्या काय आहेत. हा धागा त्याला पाठवणार आहे. विजयगाथा नकोत, त्या त्याला यूट्यूबवर भरपूर मिळतात.

सातपुड्याचा पायथा

आधी डावाचं बोलू. ज्याच्या लॅपटॉपवरून गेम होस्ट झाला त्याच्याकडे ऑटोसेव्ह असतील. वसाहतीच्या आधीचा सापडला तर तोच उघडा आणि बाकीच्यांनी परत जोडून घ्या. आयर्नमॅन लावलं असेल तर सोडून द्या, त्यात एकच सेव्ह असतो आणि तो पुढेच जातो.

जुना सेव्ह नसेल तर लढत बसू नका, शरण जा. पण आधी युद्धाच्या खिडकीत समोरच्याला नक्की काय हवंय ते वाचा. तह करायचा अधिकार त्या बाजूच्या म्होरक्यालाच असतो, त्यामुळे चौघांनी एकदम बटणं शोधून उपयोग नाही.

पुढच्या डावात आकाशगंगा तयार करतानाच फॉलन एम्पायरची संख्या शून्य करता येते. अडचणीची पातळी ‘एन्साइन’च्या वर नेऊ नका, त्या पातळीवर संगणकाला फुकटचा फायदा मिळत नाही. आणि ऑटोसेव्ह किती काळाने व्हावा ते सेटिंगमध्ये बदलता येतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लवकर लवकर ठेवा.

माझी फजिती म्हणाल तर बाजाराची. दर महिन्याला आपोआप धान्य विकायची ऑर्डर लावली, कारण तेव्हा धान्य उतू जात होतं. नंतर दोन ग्रहांवरची शेती मोडून कारखाने बसवले आणि ऑर्डर विसरलो. माझेच लोक उपाशी आणि मी इमानदारीने धान्य विकतोय. घरी केळीचा व्यापार आहे, वडिलांना हे सांगायची हिंमत झालेली नाही.

पांझराकाठ

भाच्याला ‘ईव्ह ऑनलाइन’च्या दोन गोष्टी सांगा. तो २००३ पासून चाललेला आइसलँडच्या कंपनीचा गेम आहे, हजारो खरे लोक एकाच विश्वात खेळतात. त्यात टायटन नावाची महाकाय जहाजं असतात. ती बांधायला अख्ख्या टोळीचे महिनोन्‌महिने जातात.

जानेवारी २०१३, असाकाई नावाचं तारामंडळ. एका टायटनवाल्याला आपला ताफा पूल टाकून पलीकडे पाठवायचा होता. टायटनला दोन सोयी असतात, एक दुसऱ्यांना पाठवायची आणि एक स्वतः उडी मारायची. भाऊने दुसरं बटण दाबलं. ताफा मागे राहिला आणि हा एकटाच शत्रूच्या मधोमध जाऊन उभा! त्याला सोडवायला मित्र आले, मारायला शत्रू आले, बघायला गावगन्ना सगळे आले. जवळजवळ तीन हजार खेळाडू त्या एका क्लिकपायी तिथे जमले. अशा वेळी सर्व्हरवर इतका भार येतो की गेम स्वतःच काळ मंद करतो, अगदी मूळ वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे तुमची चूक तुम्हाला स्लो मोशनमध्ये बघावी लागते.

दुसरी बरोबर वर्षाने, जानेवारी २०१४. बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाचं तारामंडळ एका आघाडीने आपला तळ केलं होतं. तिथल्या ताब्यासाठी गेममध्ये ठरावीक काळाने पैसे भरावे लागतात. ते वेळेत भरले गेले नाहीत. ताबा सुटला, शत्रू घुसला, आणि सुमारे एकवीस तास लढाई चालली. सात हजारांवर खेळाडू उतरले, ७५ टायटन गेले. नुकसान खऱ्या पैशात मोजलं तर तीन लाख डॉलरच्या घरात असल्याचा अंदाज तेव्हा दिला गेला. कंपनीने त्या जागी जहाजांचे सांगाडे स्मारक म्हणून कायमचे ठेवले.

एक बिल राहिलं म्हणून! तुमच्या भाच्याने फक्त एका संध्याकाळचं आरमार बुडवलंय. स्मारकासाठी अजून बराच पल्ला आहे.

जुना_खेळाडू

भुसावळचाच आहे. आमच्या वेळी ‘मास्टर ऑफ ओरायन’चा दुसरा भाग, १९९६ चा. सायबर कॅफेवाल्याने कुठून तरी मिळवून टाकला होता. त्यात ओरायन नावाचा सोन्यासारखा ग्रह असतो आणि त्याच्यावर गार्डियन पहारा देतो. पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा वाटलं, एकच तर जहाज आहे. सगळं आरमार घेऊन गेलो आणि एका फेरीत हात हलवत बसलो. कॅफेचे तासाचे पैसे द्यायचे होते ते वेगळेच. या प्रकारच्या गेमना ‘फोर-एक्स’ (शोधा, पसरा, वापरा, संपवा) म्हणतात ते नावसुद्धा १९९३ साली याच मालिकेच्या पहिल्या भागाबद्दल लिहिताना पडलं. म्हणजे मोहात पाडणारा ग्रह आणि त्यामागचा राखणदार ही युक्ती या प्रकाराइतकीच जुनी आहे. गेम बनवणाऱ्यांनी सापळा लावलाय, पोरगा सापळ्यात पडला. त्यात त्याचं काय चुकलं?

तापीतीर

मी ‘एफटीएल’ सुचवेन. २०१२ चा, दोघांनी मिळून बनवलेला छोटा गेम, जुन्या लॅपटॉपवरही चालतो. एकट्याने खेळायचा, त्यामुळे मामा लोक बघायला नसतात, हा मोठा गुण.

त्यात एकच जहाज आणि थोडे खलाशी. जहाजाला आग लागली की बाहेरचे दरवाजे उघडायचे, हवा निघून जाते, आग विझते. ही युक्ती कळली तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजलो. एका लढाईत मागच्या भागात आग लागली, मी धडाधड सगळे दरवाजे उघडले. आग लागली होती ती नेमकी ऑक्सिजनच्या यंत्राच्या खोलीत. आग विझली, पण यंत्र तोवर मोडलं होतं. ते दुरुस्त करायला जो जाईल तो बिनहवेच्या खोलीत गुदमरणार. एकेक करून पाठवत राहिलो. शत्रूने शेवटी काही केलंच नाही, गरज पडली नाही. आणि या गेममध्ये मागचा सेव्ह उघडायची सोय नाही, जहाज गेलं की डाव पहिल्यापासून.

स्पेसबार दाबला की गेम थांबतो. थांबव, वाच, मग दाब. ही सवय तिथे आपसूक लागते आणि स्टेलारिसमध्ये कामाला येते. मल्टिप्लेअरमध्येही पॉज चालतो हे भाच्याला कुणी सांगितलं होतं का?

धागाकर्ता

नव्हतं सांगितलं. खरं तर वेगही आम्ही नेहमीचाच ठेवला होता, म्हणजे जोरात.

आडगावचा

मंग भो, चूक पोऱ्यानी नही, तुमनी शे.

मराठीत सांगतो. तीन मुरलेले गडी खेळताय, नव्या पोराला फेडरेशनमध्ये घेताय, आणि शेजारी कोण राहतो ते कुणी सांगत नाही. ते पवित्र ग्रह ग्रहाच्या माहितीतच दिसतात, तुम्हा तिघांना ते ठाऊक होते. मी तुमच्या जागी असतो तर त्याची सीमा तिकडे सरकतेय हे दिसताच पॉज केला असता. तुम्ही आपापल्या आरमारात गुंग होतात.

चिडवण्याचं म्हणाल तर ‘महाराज’ बंद करा एवढं पुरे नाही. थोरल्या मामांनाही सांगा. पोराला गेम हरल्याचं वाईट वाटलेलं नाही, पंगतीत आईसमोर नाव पडल्याचं वाटलंय.

आणि फॉलन एम्पायर शून्य करायचा सल्ला पटला नाही. त्याला कळेल की हे माझ्यासाठी काढलंय. त्यापेक्षा को-ऑप वापरा. २०२३ पासून स्टेलारिसमध्ये एकच साम्राज्य दोन खेळाडू मिळून चालवू शकतात. मामा-भाचा एका गादीवर बसा. संशोधन आणि नवे प्रदेश त्याच्याकडे, कोठार तुमच्याकडे. डीएलसी, म्हणजे गेमचे वेगळे विकत मिळणारे जादा भाग, घेण्याचीही गरज नाही, होस्टकडे असले की बाकीच्यांना त्या डावापुरते मिळतात. फक्त सगळ्यांची आवृत्ती एकच हवी.

धागाकर्ता

आडगावचा भाऊ, लागलं, पण बरोबर आहे. को-ऑपचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

धागा काल त्याला पाठवला. आधी नुसतं ‘वाचला’ एवढंच आलं. रात्री फोन आला तो असाकाईबद्दल विचारायला, त्या टायटनवाल्याचं पुढे काय झालं म्हणून. मग धान्य विकणाऱ्या काकांबद्दल. को-ऑपला तयार आहे, पण त्याच्या अटी आहेत. फॉलन एम्पायर काढायचे नाहीत, परराष्ट्र खातं त्याच्याकडे, आणि ते पवित्र ग्रहवाले २४०० सालानंतर त्याला परत भेटायला हवेत. थोरल्या मामांशी बहीण बोलणार आहे, ते मी तिच्यावर सोपवलंय.

आता एक राहिलेला प्रश्न. त्याच्याकडचा लॅपटॉप जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सुरुवातीला चालतो, पण शंभरेक वर्षांनी महिना पुढे सरकायला वेळ लागतो आणि आम्ही सगळे त्याच्यासाठी थांबतो. म्हणजे पुन्हा त्याच्यावरच बोट. काय करावं?

सातपुड्याचा पायथा

स्टेलारिस उशिरा मंदावतो तो मुख्यतः लोकसंख्येच्या हिशोबामुळे, भार प्रोसेसरवर येतो. ग्राफिक्स कमी करून थोडाच फरक पडेल. आकाशगंगा सगळ्यात लहान घ्या, २०० ताऱ्यांची. १००० तारे हा नवा लॅपटॉप असणाऱ्यांचा शौक आहे. राहण्याजोगे ग्रह किती असावेत तेही सुरुवातीलाच कमी करता येतं. संगणकाची साम्राज्यं दोन-तीनच ठेवा. आणि डाव सुरू करायच्या आधी गेमचा वेग एक पायरी कमी करून ठेवा, सगळ्यांसाठीच, म्हणजे कुणामुळे थांबलो हा विषयच निघणार नाही.

चार्जर जोडून खेळायला सांगा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप प्रोसेसर हळू करतात. लाईट गेली तर पहिला माणूस जो बोलेल त्याने पॉज दाबायचा, मग बाकीचं बोलायचं.