'साउंड ऑफ म्युझिक' घरी पुन्हा बघायचाय: डिस्क, पट्टी, काळे पट्टे आणि मध्यंतर

सांजपणती:
दिवाळीच्या सुट्टीत घरी 'द साउंड ऑफ म्युझिक' हा इंग्रजी सिनेमा लावायचा आहे. बघणाऱ्यांत सत्तरीपुढचे दोघे, चाळिशीतले चौघे आणि 5 ते 11 वयाची चार मुलं. मोठ्यांना गाणी तोंडपाठ, मुलं पहिल्यांदाच बघणार. चार अडचणी आहेत.

1. घरातल्या जुन्या डीव्हीडीवर 167 मिनिटं छापलंय. सिनेमा 174 मिनिटांचा आहे. मधली सात मिनिटं कापली आहेत का?
2. त्यातलं 'डो-रे-मी' हे गाणं पेटीवर वाजवून मुलांकडून बसवून घ्यायचंय, पण पेटी सिनेमाशी कुठल्याच पट्टीत जुळत नाही. एक पट्टी धरली तर पेटी खाली राहते, लगतची धरली तर वर जाते.
3. टीव्हीवर वर-खाली काळे पट्टे येतात. झूम करून घालवावेत का?
4. लहान मुलं तीन तास बसणार नाहीत. कुठे थांबवावं?

तारषड्ज:
पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. काही कापलेलं नाही, तुमची डिस्क पॅल या टीव्ही पद्धतीची आहे.

सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी चालतो आणि पॅल 25 चित्रांनी. तो एका चित्राचा फरक भरून काढायला सहसा अख्खा सिनेमाच तेवढा वेगाने पळवतात. 174 ला 25/24 ने भागा, 167 येतात. वेग सुमारे 4 टक्के वाढला की सूरही चढतो, साधारण 0.7 अर्धस्वर. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत एक अर्धस्वराचं अंतर असतं, म्हणून तुमचा सा बरोबर दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकतो. पेटीचा दोष नाही आणि कानाचाही नाही.

दुरुस्ती दोन तऱ्हांनी करता येते. सोपी म्हणजे ब्लू-रे घ्या. तिच्यावर सिनेमा 24 चित्रांनीच चालतो, सूर मूळ जागी असतो. 2025 मध्ये साठ वर्षांच्या निमित्ताने नवी 4के आवृत्तीही आली आहे. ती चालवायला प्लेअर आणि टीव्ही दोन्ही 4केचे हवेत, साध्या ब्लू-रेनेही तुमचं काम भागेल.

डीव्हीडीच वापरायची असेल तर संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा. प्रेफरन्सेसमध्ये तळाशी 'ऑल' निवडून प्लेबॅक स्पीड 0.96 करा. मग ऑडिओच्या भागात 'टाइम स्ट्रेचिंग' बंद करा. ही दुसरी पायरी विसरलात तर वेग उतरेल पण सूर चढलेलाच राहील, कारण व्हीएलसी आपणहून सूर सांभाळून घेतो. काही पॅल डिस्कवर सूर आधीच उतरवून दिलेला असतो. तसं असेल तर टाइम स्ट्रेचिंग चालूच ठेवा. त्यासाठी एकदा स्वर मोजणाऱ्या ट्यूनर अ‍ॅपने तपासा, आणि त्याच वेळी पेटीही तपासून घ्या. बऱ्याच जुन्या पेट्या थोड्या चढ्या लावलेल्या असतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडचा टीव्हीही पॅलच. त्यामुळे टीव्हीवर ऐकून ज्यांच्या कानात ही गाणी बसली आहेत त्यांना मूळ वेग संथ आणि आवाज किंचित जाड वाटेल. आजी-आजोबांना हे आधीच सांगा.

रीळ_आणि_उजेड:
काळ्या पट्ट्यांना हात लावू नका. झूम तर मुळीच नको.

हा सिनेमा टॉड-एओ या रुंद पडद्याच्या पद्धतीने 65 मिमी निगेटिव्हवर चित्रित झाला आणि 70 मिमीच्या प्रती पडद्यावर दाखवल्या गेल्या. चित्र 2.20 ला 1, म्हणजे रुंदी उंचीच्या सव्वादोनपटीच्या जवळ. आजचा टीव्ही 1.78 ला 1. म्हणून पडद्याच्या उंचीचा 81 टक्के भाग चित्राला मिळतो आणि वर-खाली साडेनऊ-साडेनऊ टक्के काळं राहतं. झूम केलंत की तेवढंच चित्र डाव्या-उजव्या बाजूंनी जातं.

जुन्या चौकोनी टीव्हीसाठीच्या प्रतींत याहून वाईट झालं होतं. 1.33 ला 1 च्या चौकटीत या चित्राची जेमतेम 60 टक्के रुंदी मावते. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांनी कथेतल्या सात भावंडांना एका रांगेत उभं करून दृश्यं रचली आहेत, आणि त्या चौकटीत सातही जण नीट कधी दिसायचेच नाहीत. वडिलांच्या शिट्टीवर मुलं पावलं टाकत येतात ते दृश्य घ्या. रांगेच्या एका टोकाला थोरली लिझल, दुसऱ्या टोकाला धाकटी ग्रेटल. उंचीचा तो उतार हीच त्या दृश्याची गंमत आहे, आणि ती पूर्ण रुंदीतच कळते. तुमच्याकडच्या चाळिशीतल्या मंडळींनी तेवढं चित्र बहुधा पाहिलेलंच नसेल.

टीव्हीवर पिक्चर साइझ 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' ठेवा, नाहीतर कडेचं दोन-तीन टक्के चित्र तसंही जातं. मोशन स्मूदिंग (टीव्ही मधली चित्रं स्वतः भरून हालचाल गुळगुळीत करतो ती सोय) बंद करा. सुरुवातीला हेलिकॉप्टरमधून डोंगर दिसतात, तिथे ते चालू असेल तर झाडांच्या कडा थरथरतात. प्रोजेक्टर असेल तर 100 इंची पडद्यावर रुंदी 221 सेंमी आणि चित्राची उंची 100 सेंमीच भरेल. पहिली रांग पडद्यापासून अडीच मीटरवर बसवा.

पेटीवरचं_बोट:
'डो-रे-मी' मुलांकडून बसवताना कुठे अडतं ते सांगतो, कारण जवळपास सगळीकडे तिथेच अडतं.

पहिल्या चार ओळी सा, रे, ग, म वरून क्रमाने सुरू होतात आणि सगळे स्वर शुद्ध. पेटीवर सरगम शिकलेलं मूल त्या एका बैठकीत उचलतं. पाचवी ओळ पंचमावर सुरू होते, एकदम खालच्या सा वर उडी घेते आणि चढत ध पर्यंत जाते. सहावी ध वरून रे वर उतरते, पण चढताना मध्यम तीव्र लागतो. सातवी नी वरून ग वर येते. तिथे तीव्र मध्यम आणि कोमल धैवत लागतात, लगेच शुद्ध धैवत, नी आणि वरचा सा. पंचम त्या ओळीत नाहीच.

मुलं इथे शुद्ध मध्यम आणि पंचम लावतात आणि गाणं पडतं. 'चुकलं' एवढंच सांगून उपयोग नाही, कारण समजावून द्या. पाचव्या ओळीची चाल जशी सा वरून चढते तशीच सहावी रे वरून आणि सातवी ग वरून चढवली आहे. आधार सरकला म्हणून मधले स्वर बदलले. मुलांना म्हणा, सहाव्या ओळीत रे लाच सा समजा. तीव्र मध्यम मग त्याचा शुद्ध गंधार होतो आणि मूल तो आपोआप बरोबर लावतं. सातवीत ग ला सा समजायचं. शेवटचा स्वर तेवढा वेगळा, कारण तिथे खऱ्या सा वर परतायचं असतं.

सुरुवातीला शेवटच्या तीन ओळी सिनेमाच्या निम्म्या लयीत घ्या. अडीच-तीन दिवस पुरतात.

सिनेमातलं दुसरं गाणं 'एडलवाइस' तीनच्या मापात आहे, तबल्यावर दादरा धरा, सहा मात्रांत दोन माप बसतात. ठेका अगदी हलका ठेवा, नाहीतर त्या गाण्याचा शांतपणा जातो. आणि ते ऑस्ट्रियाचं लोकगीत नाही. संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन यांनी याच कथेच्या 1959 च्या रंगमंचीय प्रयोगासाठी ते रचलं, आणि 1960 मध्ये हॅमरस्टाइन वारले. त्यांनी लिहिलेलं ते शेवटचं गाणं.

कथासूत्र:
थांबण्याची जागा सिनेमातच ठरलेली आहे. घरातल्या मेजवानीत मुलं निरोपाचं गाणं गाऊन झोपायला जातात, नंतर मठातून मुलांना सांभाळायला आलेली मारिया चिठ्ठी ठेवून गुपचूप घर सोडते आणि पडद्यावर मध्यंतराची पाटी येते. पहिला भाग पावणेदोन तासांच्या आतबाहेर, उरलेला सव्वा तासाच्या आसपास. 5 ते 8 वयासाठी दोन संध्याकाळी करा. पाटीनंतरचं संगीत वगळू नका, पाणी पिऊन जागेवर यायला तेवढाच वेळ मिळतो.

दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला लहान मुलं चुळबुळतात, कारण मठातलं आणि बॅरोनेसचं (वडिलांच्या होऊ घातलेल्या बायकोचं) बोलणं मोठ्यांचं आहे. लग्नानंतर कथा पुन्हा पकडते. कुटुंब कबरींमागे लपतं ते दृश्य सगळ्यात लहानाला भीतीदायक वाटू शकतं, शेजारी कोणीतरी बसा. त्याआधी मुलांना दोनच वाक्यं सांगा: मार्च 1938 मध्ये हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला, आणि वडिलांना जर्मनीच्या नौदलात जायचं नाही. तेवढ्याने पुढचं सगळं कळतं.

10-11 वर्षांची मुलं 'हे खरं घडलं का' असं विचारतीलच. फॉन ट्राप कुटुंब खरं होतं, पण मारिया आणि मुलांचे वडील जॉर्ज यांचं लग्न 1927 सालीच झालं होतं, आणि कुटुंब डोंगर चढून नव्हे, आगगाडीने इटलीला गेलं. नकाशा काढून साल्झबुर्गजवळची सरहद्द दाखवा. शेवटच्या दृश्यातला डोंगर खरोखर ओलांडला असता तर ते थेट जर्मनीत उतरले असते. मुलांची नावंही बदललेली आहेत.

मोठ्यांसाठी जोडीला 1972 चा गुलजार यांचा 'परिचय' ठेवा. आई-वडिलांविना मुलं, कडक घर, गाणं शिकवणारा शिक्षक, आणि सरगमवर बांधलेलं राहुलदेव बर्मन यांचं गाणं. 'डो-रे-मी'च्या दुसऱ्या दिवशी मुलांना ते ऐकवलं तर साम्य तीच दाखवतील.

सांजपणती:
व्हीएलसीवर 0.96 करून, टाइम स्ट्रेचिंग बंद करून पाहिलं. पेटी जुळली. पण कॅप्टनचा, म्हणजे मुलांच्या वडिलांचा, गाण्यातला आवाज बोलण्याच्या आवाजाहून वेगळा वाटतोय. अजून काही सेटिंग राहिलंय का?

तारषड्ज:
नाही, सगळं बरोबर आहे. बोलतात क्रिस्टोफर प्लमर, गाण्यातला आवाज गायक बिल ली यांचा.